छेदाची पातळी आणि हाताचे काम : कृत्रिम हात वापरणाऱ्यांच्या वैद्यकीय संकेतांकनाची चिकित्सा (धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत हात गेलेल्या माणसाची गाठ पुढील वर्षभरात अनेक तक्त्यांशी पडते. रुग्णालयात त्याच्या जखमेला एक संकेतांक मिळतो. जिल्हा स्तरावरील वैद्यकीय मंडळ त्याच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. शासनाची अपघात योजना त्याच हाताची रक्कम सांगते. तिन्ही नोंदी आपापल्या जागी आवश्यक आहेत. परंतु तिन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, आणि तो प्रश्न म्हणजे ‘किती गेले?’ त्या माणसाला पुढे कृत्रिम हात मिळाला का, मिळाला असल्यास तो त्याने किती काम करतो, की तो हात घरातील खुंटीला टांगलेला आहे, हे या नोंदींतून कळत नाही. आजाराला व इजेला ठरावीक अक्षरांकी खूण देण्याच्या या पद्धतीस वैद्यकीय संकेतांकन किंवा रूढ शब्दात ‘मेडिकल कोडिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या नोंदीच्या भाषेची चिकित्सा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा संदर्भ घेऊन केली आहे.

वर्गीकरणावरून मदत ठरते, हे या जिल्ह्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन झाले. त्या वेळी नव्या घराचे क्षेत्रफळ कुटुंबातील माणसांवरून नव्हे, तर जमीनधारणेवरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट असे ठरले होते. सास्तूर परिसरातील जाणत्या माणसाला त्यामुळे हे समजावून सांगावे लागत नाही की, तक्त्यात कोणता रकाना आहे यापेक्षा कोणता रकाना नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

एक हात, तीन तक्ते :

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती (आयसीडी-१०) १९९० साली संमत झाली व १९९४ पासून सदस्य देशांत वापरात आली. तीत खांदा व दंडाच्या आघातजन्य छेदाला एस ४८, कोपरापासून खालच्या हाताच्या छेदाला एस ५८ आणि मनगट व पंजाच्या छेदाला एस ६८ असे संकेतांक आहेत. एस ५८.० म्हणजे कोपराच्या सांध्यावर, एस ५८.१ म्हणजे कोपर व मनगट यांच्या दरम्यान. जखम भरून आल्यानंतर तोच रुग्ण पुन्हा आला, तर त्याची नोंद झेड ८९ या गटात, ‘अवयवाचा अर्जित अभाव’ म्हणून होते. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडील दप्तरी व्यवहारात दहावीच अधिक परिचित आहे.

दुसरा तक्ता अपंगत्वाच्या टक्केवारीचा. २००१ च्या आणि त्यानंतर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास ९० टक्के, कोपरातून गेल्यास ७५ टक्के, कोपराखाली वरच्या तृतीयांशात ७० टक्के, खालच्या तृतीयांशात ६५ टक्के, मनगटातून ६० टक्के असा उतरता क्रम लावण्यात आला. अंगठा मुळापासून गेला तर ३० टक्के. शासकीय सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट असल्यामुळे केवळ अंगठा गमावलेला माणूस या दाराबाहेरच राहतो. विळा धरणे, गाठ मारणे, धार काढणे यांपैकी कोणते काम अंगठ्यावाचून होते, हा प्रश्न सारणीच्या कक्षेत येत नाही.

या सारणीची वंशावळ जुनी दिसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अशीच उतरंड होती. तीत खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटर आणि कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटर अशा सीमा आखलेल्या होत्या. हे विचित्र अपूर्णांक म्हणजे अनुक्रमे आठ इंच व साडेचार इंच होत. मोजण्याचे एकक बदलले, पट्टी तीच राहिली. तो कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कारखान्यातील मजुराच्या कमाईची घट मालकाकडून भरून घेण्यासाठी बनलेली ही पट्टी होती, आणि त्या कामापुरती ती ठीकही होती. अवयवाच्या पुढील सेवेची दिशा ठरविण्यासाठी ती कधीच बनविलेली नव्हती.

तिसरा तक्ता सर्वांत संक्षिप्त आहे. २०२३ पासून राज्यात असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये व दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये अशी तरतूद करण्यात आली. येथे छेद कोठे झाला याला महत्त्व नाही; महत्त्व सातबाराला आहे. लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना. दुसऱ्याच्या रानात मळणीला गेलेला भूमिहीन मजूर या तक्त्यात बसत नाही. १९९३ च्या घरांचे चौरस फूट आठवावेत, असेच हे साम्य आहे.

तिन्ही तक्त्यांवर एक आक्षेप मात्र घेता येणार नाही. छेदाची पातळी ही निरर्थक बाब नव्हे. कोपर शाबूत असेल तर कृत्रिम हात वाकविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागत नाही, आणि खुंट जितका लांब तितका तरफेसारखा जोर अधिक मिळतो. कोणता हात बसवता येईल हे पातळीवरूनच ठरते. उणीव आहे ती पातळीपाशीच थांबण्याची. त्यातही आयसीडी-१० च्या मूळ आवृत्तीतील झेड ८९ या गटात एका बाजूचा अभाव की दोन्ही बाजूंचा, एवढेच कळते. उजवा की डावा हे कळत नाही. अमेरिकेने स्वतःसाठी केलेल्या रूपांतरात तो भेद आहे : कोपराखालील उजवा हात नसल्यास झेड ८९.२११, डावा नसल्यास झेड ८९.२१२. आपल्याकडे तर हा भेद अधिकच लागतो. जेवण उजव्या हाताने आणि शौचानंतरची स्वच्छता डाव्या हाताने, अशी कामाची वाटणी ज्या समाजात लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते, तेथे एक हात जाणे म्हणजे दोन्ही कामे एकाच हातावर येणे होय. त्यातील संकोच कोणीही मोठ्याने बोलत नाही, आणि नोंदवहीही बोलत नाही.

अपघाताची जागा :

इजेच्या कारणासाठी आयसीडी-१० मध्ये वेगळे संकेतांक आहेत. शेती यंत्राच्या स्पर्शाने झालेली इजा डब्ल्यू ३० मध्ये व इतर यंत्राने झालेली डब्ल्यू ३१ मध्ये नोंदली जाते. त्याला जागेचा व कृतीचा अंक जोडता येतो. जागेच्या यादीत ० म्हणजे घर आणि ७ म्हणजे शेत. शेताच्या व्याख्येतून शेतघर व त्याचे आवार स्पष्टपणे वगळले आहे. आता भूम किंवा परंडा तालुक्यातील एखाद्या वस्तीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. राहते घर, त्याला लागून गोठा, गोठ्याच्या कडेला विजेवर चालणारे कडबा कुट्टी यंत्र आणि दहा पावलांवर ज्वारीचे रान. येथे घर कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते? जागेचा अंक ० लिहिला तर इजा घरगुती ठरते व ७ लिहिला तर शेतीची.

कृतीच्या अंकाचे तसेच आहे. २ म्हणजे उत्पन्नासाठीचे काम, ३ म्हणजे घरकामासारखे इतर काम. जनावरांना वैरण घालणे हे काम बहुतेक घरी बाईकडे असते आणि त्याची मजुरी कोणी देत नाही. कुट्टीत पेंढी सारताना तिचा हात ओढला गेला, तर संकेतांकनाच्या काटेकोर वाचनानुसार ती उत्पन्नाच्या कामावर नव्हतीच. दूध मात्र डेअरीला गेलेले असते. शेती व ग्रामीण क्षेत्रातील धोकादायक यंत्रांसाठी १९८३ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. पण गोठ्यातील अपघात ‘घरात, इतर कामात’ असा नोंदला गेला, तर त्या कायद्याच्या परिणामकारकतेचा हिशेब कोणत्या आकड्यांवरून करावयाचा?

पायाला मिळालेली भाषा :

कृत्रिम अवयव म्हटले की भारतीय मनासमोर पाय उभा राहतो. १९६८ साली जयपूर येथे डॉ. पी. के. सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या जयपूर फूटने उकिडवे बसणे, अनवाणी चालणे, चिखलातून जाणे या इथल्या गरजांना उत्तर दिले. हाताला असे एकच नाव, एकच ओळख मिळाली नाही. वर्गीकरणातही हाच कल दिसतो. अमेरिकेत कृत्रिम पायासाठी रुग्णाच्या चालण्याच्या क्षमतेचे के-० ते के-४ असे पाच स्तर वापरले जातात. हातासाठी अशी श्रेणी त्या पद्धतीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी प्रसिद्ध केली. तीत कृत्रिम पाय आहे, कृत्रिम हात नाही. आपल्याकडील शब्दही पाहावेत. २०११ च्या जनगणनेत हात गमावलेल्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. चलनवलनाच्या अपंगत्वात हात आणि पाय एकत्रच होते. मराठी शासनव्यवहारात यासाठी ‘अस्थिव्यंग’ हा शब्द रूढ आहे. यंत्राने तोडलेल्या हाताला हाडाचे व्यंग म्हणणे हे भाषेच्या दृष्टीनेही अपुरे आहे. ‘थोटा’ हा लोकभाषेतील शब्द अधिक नेमका आहे. पण तो टोचणारा असल्यामुळे दप्तरात येऊ शकत नाही, हेही खरे.

पायाचे काम एक आहे आणि ते मोजता येते. हाताची कामे अनेक असतात, ती माणसागणिक व ऋतूगणिक बदलतात. संकेतांकनाला पाय सोपा जातो तो यामुळे.

हात बसविल्यानंतर :

कृत्रिम हातांचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात. केवळ दिसण्यासाठीचा हात. पट्टे व तारेच्या साहाय्याने दुसऱ्या खांद्याच्या हालचालीवर उघडझाप करणारा शरीरचलित हात. आणि खुंटातील स्नायूंचे विद्युत संकेत टिपून मोटारीवर चालणारा हात. शिबिरांतून विनामूल्य दिला जाणारा एलएन-४ हा यांत्रिक हात कोपराखाली पुरेसा खुंट असणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या हाताने त्याची बोटे हव्या त्या स्थितीत लावावी लागतात. यांपैकी कोणता हात कोणाला योग्य, हे छेदाच्या पातळीइतकेच त्याच्या कामावरून ठरले पाहिजे. शेतमजुराला पाच बोटांच्या देखण्या पंजापेक्षा लोखंडी आकडा अधिक उपयोगी पडू शकतो, तर दुकानात बसणाऱ्याला किंवा लग्नाच्या वयाच्या मुलीला देखणा पंजाच हवा असेल. ‘दिखाऊ’ म्हणून त्या इच्छेला कमी लेखण्याचा अधिकार तज्ज्ञांना नाही.

हात मिळणे आणि हात वापरला जाणे यांतील अंतर मोठे आहे. बिडिस व चाऊ यांनी २००७ साली मागील पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात शरीरचलित हात सोडून देणाऱ्यांचे सरासरी प्रमाण प्रौढांत २६ टक्के व मुलांत ४५ टक्के, आणि विद्युत हाताचे अनुक्रमे २३ व ३५ टक्के आढळले. हे आकडे मुख्यतः संपन्न देशांतील, प्रशिक्षित चिकित्सकांच्या देखरेखीखालील रुग्णांचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे एका दिवसाच्या शिबिरात मिळालेल्या हाताचे भवितव्य काय असेल, याचा अंदाज बांधता येतो.

सोडून देण्याची कारणे गूढ नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत खुंटाची सूज उतरते व आकार बदलतो. पहिली खोबण सैल होते आणि ती नव्याने करावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोबणीत घाम साचतो, त्वचा लाल होते, पुरळ उठते. सुती मोजा रोज धुवावा लागतो, आणि पाण्याचा टँकर येणाऱ्या गावात रोज धुणे ही सूचना जितकी साधी वाटते तितकी ती नसते. तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाशी गाठ होऊन ती खोबणीला लागते. नसलेल्या बोटांत वेदना होतात, आणि घरच्यांना तो भ्रम वाटतो. तार तुटते, पट्टा झिजतो. चांगल्या हातावर दुप्पट भार येऊन त्याचा खांदा दुखू लागतो. लहान मुलाचे हाड वाढते, खोबण वाढत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. यांतील बहुतेक प्रसंगांसाठी आयसीडी-१० मध्ये संकेतांक आहेत. खुंटातील मज्जातंतूची गाठ टी ८७.३, खुंटाचा जंतुसंसर्ग टी ८७.४, गेलेल्या अवयवातील वेदना जी ५४.६, कृत्रिम हात बसविणे व जुळविणे झेड ४४.०, कृत्रिम अवयव असणे झेड ९७.१. म्हणजे भाषा तयार आहे, पण ती लिहिणारा तेथे नाही. संकेतांक रुग्णालयात पडतो. कृत्रिम हात बहुधा शिबिरात मिळतो. केंद्राची १९८१ पासूनची एडिप योजना साधन देते, तेथे नोंद वाटपाची होते. विम्याच्या वाटेनेही हीच तूट दिसते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च अंतर्भूत आहे. मेलोन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले की, छेदानंतर सुमारे ३० दिवसांच्या आत कृत्रिम हात बसविल्यास तो स्वीकारला जाण्याची शक्यता लक्षणीय वाढते. एक खिडकी पंधराव्या दिवशी बंद होते, आणि जेथे खरी निकड आहे तो काळ त्यानंतरही चालू असतो. त्या काळात माणूस एका हाताने सगळे करायला शिकून जातो. मग मिळालेला हात त्याला अडचणच वाटतो.

अंतराचाही विचार करावा लागतो. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे, तर मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. दोन्ही संस्थांचे कार्य मोलाचे आहे. पण धाराशिवहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. झिजलेल्या पट्ट्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून कोणी पुण्याला जाणार नाही. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि सोलापूर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा दुरुस्ती जवळ आणणे ही कल्पनेतील गोष्ट राहिलेली नाही.

कोयत्याचे गणित :

जागतिक आरोग्य संघटनेनेच २००१ मध्ये कार्यक्षमता, अपंगत्व व आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण (आयसीएफ) स्वीकारले. त्यात अवयव नव्हे, तर काम हे एकक आहे. डी ४४० म्हणजे बोटांचे बारीक काम, डी ४४५ म्हणजे हात व बाहूचा वापर, डी ५४० कपडे घालणे, डी ५५० जेवणे. प्रत्येकापुढे ० ते ४ असा अडचणीचा अंक. दवाखान्यात माणूस काय करू शकतो आणि स्वतःच्या घरी प्रत्यक्षात काय करतो, या दोहोंसाठी निरनिराळे अंक देण्याची सोय आहे. रोजच्या वापरातील साधनांसाठी ई ११५ हा संकेतांक असून साधन उपकारक असेल तर त्यापुढे अधिकचिन्ह, अडथळा ठरत असेल तर केवळ बिंदू. त्यामुळे ‘ई ११५+३’ ही नोंद उपयोगी पडणाऱ्या हाताची, तर ‘ई ११५.२’ ही खोबण काचणाऱ्या हाताची होईल. एका चिन्हाने एवढे सांगणारी दुसरी पद्धत नाही. तरीही ती भरण्यासाठी वेळ, प्रशिक्षण आणि घरापर्यंत जाण्याची तयारी लागते. म्हणूनच ती ग्रंथालयात अधिक व दवाखान्यात कमी आढळते.

ही पद्धत परकी वाटण्याचे मात्र कारण नाही. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्यांची गणती मुकादम ‘कोयता’ या एककाने करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल त्यावरच ठरते. हे कामावर आधारलेले वर्गीकरणच आहे, आणि ते निर्दय आहे. तोडणाऱ्याचा हात गेला की जोडीचा कोयता मोडतो. मोळ्या बांधणे, वाढे वेगळे करणे, गाडी भरताना खालून मोळी देणे यांपैकी काय जमते, हे मुकादम एका दृष्टिक्षेपात ठरवतो आणि त्याप्रमाणे उचल कमी करतो. ७० टक्क्यांच्या प्रमाणपत्राला तेथे अर्थ नसतो. सेवेच्या व्यवस्थेने नेमका हाच प्रश्न, म्हणजे काय जमते आणि कशाने जमेल, सद्‌भावाने विचारायचा आहे. मुकादम तो तोट्याच्या भीतीने विचारतो, एवढाच फरक.

अधिक रकाने म्हणजे अधिक दप्तर, आणि आधीच थकलेल्या परिचारिकेवर आणखी एक वही, हा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. तो खोडून काढण्यासारखा नाही. म्हणूनच संपूर्ण आयसीएफ भरण्याचा आग्रह धरण्यापेक्षा तीन-चार कामे निवडणे शहाणपणाचे ठरेल : जेवणे, कपडे घालणे, दोन हातांनी वस्तू उचलणे, आणि त्या माणसाचे कमाईचे काम. सोबत गेलेला हात उजवा की डावा, व कृत्रिम हात दिवसातून किती तास अंगावर असतो, एवढे दोन प्रश्न. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. आशा कार्यकर्तीला वस्तीवरील घर माहीत असते आणि खुंटीला काय टांगले आहे हेही तिला दिसते. या कामाचा मोबदला तिला मिळाला पाहिजे, हे वेगळे सांगणे नको.

मनुष्यबळाचा प्रश्नही वाटतो तेवढा बिकट नाही. पुणे व हैदराबाद येथील कंपन्यांत विज्ञान शाखेचे पदवीधर अमेरिकेतील विमा कंपन्यांसाठी संकेतांकन करतात. तेथील पद्धतीत कृत्रिम हाताशी संबंधित बाबींसाठी एल ६००० ते एल ७४९९ ही मालिका राखून ठेवली आहे. खोबण, पट्टा, तार, आकडा, पंजा, दुरुस्ती, प्रत्येकाला निराळा अंक आहे, कारण प्रत्येकाचे पैसे कोणीतरी देणार असते. मराठवाड्यातील महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी त्या खोबणीचा अंक अचूक लिहू शकतो. त्याच्या गावातील थोट्या हाताच्या माणसाची नोंद मात्र वाटप यादीतील सही किंवा अंगठ्यापाशी संपते. आपल्या महाविद्यालयांतील जीवशास्त्र, समाजशास्त्र व संगणक विभागांनी एकत्र येऊन एखाद्या तालुक्याची अशी नोंदवही चालविणे हे बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या अभ्यासाला साजेसे काम आहे.

त्या नोंदवहीत ऋतूचाही रकाना हवा. ३ डिसेंबर या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास शिबिर घेतले, तर कळंब, वाशी, भूम, परंडा भागातील तोडणी कुटुंबे त्या वेळी कारखान्याच्या तळावर असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना हात मोजायला बोलावले जाते; ज्यांचा हात कामाला हवा आहे ते एप्रिलपर्यंत गावी परतत नाहीत, आणि परततात तेव्हा उन्हाळा सुरू झालेला असतो. खोबणीत घाम सर्वांत जास्त साचतो तो याच दिवसांत.